कवळीची फाईल कुणाची?

मंडळी, हल्ली ‘डिजिटल’ हा शब्द दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर फार स्वस्त झालाय. पुण्यात तर गल्लोगल्ली आहेच, पण गेल्या दिवाळीत गावी गेलो तर परभणीतही तेच. चकाचक पाटी, त्यावर निळ्या रंगाचा दात, दाताभोवती सर्किटसारख्या रेघा. आत जाऊन बघावं तर बरेचदा डिजिटल काय असतं, तर एक्स-रे आणि बिल. असो.

या पाट्यांना हसणारा एक वर्गही आहे. आपल्याच ऑफिसात, आपल्याच जेवणाच्या टेबलावर. ‘कवळीत कसलं आलंय डिजिटल? लोकांना लुटायचे धंदे.’ हे लोक पाटीवाल्यांइतकेच चुकीचे आहेत. डिजिटल तंत्राने कवळी खरंच चांगली बसते आणि त्याची कारणं साधी, पदार्थविज्ञानाची आहेत. माझं भांडण वेगळं आहे. या तंत्रातला जो फायदा परभणी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त हवाय, नेमका तोच त्याच्या हातात पडत नाही. तो लॅबच्या कॉम्प्युटरवर राहतो.

आधी फिटिंगचं बघू. (कंटाळा येणाऱ्यांनी पुढच्या पाच परिच्छेदांवरून उडी मारली तरी चालेल, पण मग कॉमेंटमध्ये ‘पण का?’ विचारायचं नाही.)

तुमच्या घरातल्या आजोबांची कवळी दिवसाचा जास्त वेळ कुठे असते? बहुतेक घरांत उत्तर एकच, फडताळावरच्या पेल्यात. लग्नाच्या फोटोपुरती तोंडात, एरवी पेल्यात. आणि आपण सगळे ‘वय झालं, आता व्हायचंच’ म्हणून सोडून देतो. चपलेचा अंगठा तुटला तर दुसऱ्या दिवशी चांभाराकडे जाणारे आपण, कवळी बोचते म्हणून वरणात भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला पाच-पाच वर्षं तसंच ठेवतो.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे आणि कडेने हवा आत न शिरल्यामुळे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तसंच काहीसं. म्हणजे कवळी आणि टाळू यांच्यात फट जितकी कमी तितकी पकड जास्त. आता नेहमीची कवळी कशी बनते ते बघा. डॉक्टर हिरड्यांचं माप घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यावर मेणाची कवळी, मेणात दात. मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकची पूड आणि द्रव मिसळून केलेली कणीक दाबून भरायची. (कणीक हा माझा शब्द नाही, पाठ्यपुस्तकातही त्या अवस्थेला हेच म्हणतात.) मग गरम पाण्यात कित्येक तास शिजवायचं.

घोटाळा इथे होतो. हा द्रव घट्ट होताना आकसतो. नुसता द्रव घेतला तर आकारमान सुमारे २१ टक्के कमी होतं. तीन भाग पुडीत एक भाग द्रव मिसळल्यामुळे ते सहा-सात टक्क्यांवर येतं. त्यातलं बरंचसं जाडीत जातं, साचाही कवळीला धरून ठेवतो, पण साच्यातून सुटली की ती थोडी वळतेच. दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो. म्हणजे जिथे हवा अडवायची तिथेच फट. पूर्वापार तंत्रज्ञ यावर उपाय करत आलेत, साचा मागच्या बाजूला थोडा खरवडतात, म्हणजे तिथे अ‍ॅक्रिलिक जरा जास्त दाबून बसतं. चांगला हात असेल तर उत्तम जमतं. नसेल तर आजोबा आणि पेला.

डिजिटलमध्ये काय होतं? मापाचा स्कॅन होतो, कवळीची रचना कॉम्प्युटरवर होते आणि मग अ‍ॅक्रिलिकच्या जाड चकतीतून मशीन ती कोरून काढतं. ही चकती कारखान्यात प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत आधीच घट्ट केलेली असते. आकसायचं ते आकसून झालेलं. जुने शिंपी कापड आधी पाण्यातून काढायचे आणि मग कापायचे, तीच युक्ती. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या गुडेकर वगैरे मंडळींनी चार पद्धतींनी कवळीचे तळ करून साच्याशी ताडून पाहिले. दाबून भरलेले, ओतलेले, इंजेक्शनने भरलेले आणि मशीनने कोरलेले. कोरलेले सगळ्यात अचूक निघाले आणि दर वेळी सारखेच अचूक निघाले. हे ‘दर वेळी सारखेच’ मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठल्या तंत्रज्ञाचा हात लाभला या नशिबावरचं अवलंबन त्याने कमी होतं. शिवाय चकतीत न जिरलेला द्रव कमी उरतो, त्यामुळे तोंडाची आग होण्याचा धोकाही कमी. थ्रीडी प्रिंटिंगने केलेली कवळी स्वस्त पडते, पण मजबुतीत सहसा कोरलेलीच वरचढ.

हे काही काल-परवाचं नाही बरं. दातांच्या कामात कॉम्प्युटर आणायची कल्पना फ्रान्समधल्या फ्रान्स्वा ड्युरे यांनी १९७०च्या दशकात मांडली. पूर्ण कवळी कॉम्प्युटरच्या मदतीने केल्याचा निबंध जपानच्या माएदा आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली छापला. बाजारात ती यायला २०१० उजाडून गेलं. आणि आज ज्या सॉफ्टवेअरवर जगभरच्या लॅब काम करतात त्यातलं एक मोठं नाव, एक्सोकॅड, जर्मनीतल्या डार्मस्टाटचं. फ्राउनहोफर संस्थेतून २०१० साली बाहेर पडलेली कंपनी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलो. आता त्या म्हणीला निदान कवळीपुरता तरी अर्थ यावा, एवढीच माझी मागणी आहे.

बरं, पाटीवाले जे सांगत नाहीत तेही सांगून टाकतो. तोंडात फिरवायचा जो कांडीसारखा स्कॅनर असतो ना, तो दात असलेल्या तोंडात झकास चालतो. बिनदाताच्या तोंडात अडखळतो. कारण तो शेकडो छोटे फोटो एकमेकांना जोडत जातो आणि जोडायला खुणा लागतात. मोबाईलने पांढऱ्या भिंतीचा पॅनोरमा काढून बघा, काय गोंधळ होतो ते. ओली, चकचकीत, गुळगुळीत हिरडी म्हणजे ती पांढरी भिंत. वर ती हिरडी हलते, दाबली जाते. आणि मुख्य म्हणजे कवळीची कड कुठपर्यंत यावी हे गाल, ओठ आणि जीभ हलवून ठरतं. डॉक्टर मापाच्या ट्रेच्या कडेला मऊ लाख लावून पेशंटला ‘ओठ ओढा, जीभ बाहेर काढा’ सांगतात ते त्यासाठी. कांडीला हे जमत नाही. माप चुकलं तर मशीन चुकीचंच माप मायक्रॉनपर्यंत अचूक कोरून देणार. कचरा आत, कचरा बाहेर, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

आणि खालची कवळी हे वेगळंच दुखणं आहे. तिला टेकायला जागाच वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, वर जिभेची वळवळ. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं. आंत्ये टॅलग्रेन यांचा २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली छापून आला, त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट दिसली होती. सपाट झालेल्या हाडावर कुठलंही सॉफ्टवेअर उंचवटा उगवून देत नाही. कुणी देतो म्हणाला तर सरळ उठून यावं.

पण यातून एक गोष्ट निघते आणि ती आपल्या जिल्ह्याच्या फायद्याची आहे. लाखो रुपयांचा कांडी स्कॅनर तालुक्याच्या दवाखान्यात असायलाच पाहिजे असं मुळीच नाही. हाताने, नीट, गाल-ओठ हलवून घेतलेलं माप हवं. ते घेणारे चांगले डॉक्टर जिंतुरात, गंगाखेडात, सेलूत असू शकतात. स्कॅन त्या मापाचा होईल, टेबलावर, लॅबमध्ये. माप कुरिअरने जाईल, कवळी कुरिअरने येईल.

आता खेपांचा हिशोब करा. नेहमीच्या पद्धतीत पहिलं माप, पक्कं माप, जबड्यांचा मेळ, मेणाची कवळी घालून बघणं, मग तयार कवळी, अशा पाच खेपा. त्यानंतर टोचतं तिथे घासून घ्यायच्या खेपा वेगळ्या. पुण्यात पाच खेपा म्हणजे पाच वेळा रिक्षा. आमच्या गावाहून पाच खेपा म्हणजे आधी जिंतूरपर्यंत मिळेल ती जीप, तिथून परभणीपर्यंत एसटीने चाळीसेक किलोमीटर, आणि तेवढंच परत. पंचाहत्तरीनंतर एसटीत तिकीट माफ आहे, खरं आहे. पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो माफ नाही, आणि मे महिन्यातलं परभणीचं ऊन तर कुणालाच माफ नाही. डिजिटल पद्धतीत या खेपा दोन-तीनवर येऊ शकतात. आणि कवळी हरवली किंवा मोडली, तर पुढची कवळी कोरायला खेप लागतच नाही. फाईल आहे. मशीनला सांगायचं, अजून एक.

हाच तो फायदा. चांगलं फिटिंग एकदा जमलं की ते साठवता येतं. जुन्या पद्धतीत जमलेली कवळी म्हणजे बॅकअप नसलेला सर्व्हर. पडली, संपलं. साचा तर कवळी बाहेर काढतानाच फुटलेला असतो.

आता माझ्या आजीचं सांगतो. वय ८१, जिंतूर तालुका, आयुष्यभर मिश्री, त्यामुळे दातांचं व्हायचं ते झालेलं. पहिली कवळी तिने महिनाभर वापरली. ‘दगड ठेवल्यावानी वाटतंय रे तोंडात,’ म्हणाली आणि पेल्यात टाकली. तीन वर्षांपूर्वी ती पुण्यात आमच्याकडे होती तेव्हा एका दवाखान्यात वर-खाली डिजिटल कवळी करून घेतली. पैसे भरपूर गेले, पण राव, बसली! खालची थोडी हलायची, वरची मात्र अशी की शिंकली तरी जागची हलेना. गावी परत गेल्यावर परभणी मोतीची भाकरी, भुईमुगाच्या शेंगदाण्याची चटणी, सगळं सुरू. (परभणी मोती म्हणजे आमच्या कृषी विद्यापीठाची ज्वारी. पुणेकरांनी नोंद घ्यावी.) सगळ्यात मोठा फरक बोलण्यात पडला. फोनवर तिचं बोलणं कळायला लागलं.

मागच्या वर्षी मोरीत धुताना वरची कवळी हातातून सटकली, शहाबादी फरशीवर पडली आणि तीन तुकडे. मी निवांत. म्हटलं, फाईल आहे की. दवाखान्यात फोन केला. ‘फाईल लॅबकडे असते.’ लॅबला फोन केला. ‘आम्ही पेशंटशी बोलत नाही, डॉक्टरांना सांगा.’ डॉक्टरांना सांगितलं. आठ दिवसांनी निरोप, ‘डिझाईन ही लॅबची मालमत्ता आहे, देता येणार नाही. पुन्हा नवीन करू, माप घ्यायला आजींना आणा.’ निदान त्याच फाईलवरून दुसरी कोरून तरी द्या म्हटलं. तर त्यावर, ‘जुन्या केसेस आम्ही वर्षभरानंतर ठेवत नाही.’ म्हणजे मालमत्ता इतकी मौल्यवान की देता येत नाही आणि इतकी फालतू की ठेवताही येत नाही!

८१ वर्षांच्या बाईला ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये रात्रभर बसवून पुण्याला आणायचं, कशासाठी? जे माप तिने एकदा दिलंय, ज्याचे पैसे आम्ही एकदा भरलेत, ते पुन्हा द्यायला.

यावर ऐकू येणारे युक्तिवाद मला पाठ झालेत. पहिला, डिझाईन हे आमचं बौद्धिक काम. मान्य. पण यात फायली दोन प्रकारच्या असतात. एक तिच्या तोंडाचा स्कॅन. तो तिच्या टाळूचा आकार आहे, त्यात लॅबची बुद्धी शून्य. दुसरी, त्यावर केलेली कवळीची रचना. त्यात तंत्रज्ञाची मेहनत आहे, तर तिचे पैसे लावा, बिलात वेगळी ओळ टाका आणि द्या. मशीनने कुठून कसं कोरायचं ती तुमची सेटिंग आम्हाला नकोच आहेत. आपण क्लायंटला सोर्स कोड देतो, आपल्या लॅपटॉपचा पासवर्ड देत नाही. फरक कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

दुसरा युक्तिवाद, म्हातारी माणसं फाईल घेऊन काय करणार? अहो, एक्स-रे घेऊन काय करतात? गावाकडच्या कुठल्याही घरात खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात दहा वर्षांचे एक्स-रे, सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण पुढच्या डॉक्टरला येतं. एमआरआय काढला की सीडी हातात मिळते, कुणी म्हणत नाही की ही मशीनची मालमत्ता. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीत तर पेशंटने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. मग तोंडाच्या आकाराने असं काय घोडं मारलंय? एसटीएल हा फाईलचा प्रकार १९८७पासून आहे, कुठलंही सॉफ्टवेअर तो उघडतं, आणि अख्खी कवळी नातवाच्या बारशाच्या व्हिडिओपेक्षा लहान फाईलमध्ये मावते.

तिसरा जरा बरा आहे. हिरड्या बदलतात, जुनी फाईल पुढे उपयोगाची राहत नाही. बरोबर. दहा वर्षांनी नाहीच राहणार. पण पहिल्या तीन-चार वर्षांत पडली-मोडली-हरवली तर राहते, आणि कवळ्या नेमक्या अशाच जातात, मोरीत, एसटीत, लग्नाच्या मांडवात. आणि नंतरही नवा स्कॅन जुन्यावर ठेवून हाड कुठे, किती झिजलं ते दिसतं. आपण ज्याला डिफ म्हणतो तेच. डॉक्टरला याहून मौल्यवान काय मिळणार?

हे सगळं पूर्वी एकदा होऊन गेलंय, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराच्या कवळ्या आल्या. हस्तिदंत आणि सोन्याच्या मानाने स्वस्त, आणि साच्यात घडवल्यामुळे बसायच्याही छान. पण १८६४च्या पेटंटवर गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने कब्जा केला आणि दंतवैद्यांकडून लायसन्सचे पैसे आणि वर कवळ्यांवर रॉयल्टी उकळायला सुरुवात केली. न देणाऱ्यांवर खटले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव दंतवैद्यांच्या मागे फिरायचा. शेवटी १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅलफंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. खून, कवळीच्या लायसन्सवरून! १८८१ साली पेटंट संपलं आणि व्हल्कनाइटच्या कवळ्या सगळ्यांनाच मोकळ्या झाल्या. मी अर्थातच कुणाला गोळी घाला म्हणत नाहीये. पण चांगलं बसणारं तंत्र आलं की त्याच्या दाराशी टोलनाका उभा राहतोच, आणि टोल देणारा शेवटी दात नसलेला माणूस असतो.

आता सरकारी बाजू. २०१७ साली केंद्राने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या, चष्मे आणि कवळ्या. चांगली योजना आहे, कवळीचं नाव यादीत घालणाऱ्याला माझा नमस्कार. पण काठीला भोकं असतात, वर-खाली करून कुणालाही बसवता येते. कवळीला भोकं नसतात. ती दर माणसाची वेगळी आणि ती एकदा मोडली की योजना त्या माणसापुरती संपली. म्हणून सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक कवळीचा स्कॅन ठेवला गेला पाहिजे आणि त्याची प्रत त्या माणसाला मिळाली पाहिजे. परभणीत दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथली मुलं शिकता शिकता पेशंटना कवळ्या करून देतात. मापांचा स्कॅन करायला टेबलावरचा एक स्कॅनर आणि सांभाळायला एक साधा सर्व्हर, एवढ्यात हे काम सुरू होऊ शकतं. ज्या देशात सात-बारा ऑनलाईन आला, तिथे टाळूचा उतारा यायला हरकत काय आहे?

तोवर आपण करायचं ते सोपं आहे. आईवडिलांची, आजी-आजोबांची कवळी करायला घेऊन जाल तेव्हा ‘डिजिटल आहे का’ विचारत बसू नका, पाटीवर लिहिलेलंच असतं. माप कसं घेणार ते विचारा. कवळी कोरलेली की छापलेली ते विचारा. आणि ॲडव्हान्स भरायच्या आधी विचारा, स्कॅन आणि डिझाईन दोन्हीच्या एसटीएल फायली पेनड्राइव्हवर देणार का. हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर ‘नाही’ असंही लिहूनच मागा, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट.

मी आजीच्या वेळी ते मागितलंय. चार महिने झाले, अजून ‘सर मीटिंगमध्ये आहेत’.